मल्सुनबीच्या घरचं जेवण

बिल्डिंगीत वास मारतो अशी तक्रार झाली, तेव्हा मी मनात म्हटलं, झालं, आता आपलं सामान खाली रस्त्यावर. साल ब्याण्णव. अबूधाबीत इलेक्ट्रा स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत, चौथ्या मजल्यावर आम्ही राहत होतो. माझे मिस्टर, खैरुद्दीन, मुसफ्फाला एका फॅब्रिकेशनच्या कंपनीत स्टोअरकीपर. मी कुलसुम, घरात. फहद आणि एमान लहान होते.

त्या दिवशी सकाळी मी सुकट भाजली होती. आमच्या गावी कुणी सुकट भाजली तर बोंब होत नाही, कारण शेजारीही सुकटच भाजत असतो. इथे खालच्या मजल्यावर लेबनानी कुटुंब होतं. त्यांनी नातूरला वर पाठवलं. नातूर म्हणजे बिल्डिंगचा राखणदार, आमचा पठाण होता. तो वर येऊन आधी माझ्या दाराशी नाक नेत होता, मग समोरच्या दाराशी. मी दाराच्या काचेतून बघत होते. शेवटी चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं मीच दार उघडलं आणि "सॉरी भाईसाब" म्हणायला लागले. त्याच वेळी समोरचंही दार उघडलं. आतून एक बुटकी, गोल चेहऱ्याची बाई ओल्या हातांनी बाहेर आली आणि पठाणापुढे कमरेतून वाकायला लागली. एकदा नाही, वाकतेच आहे, वाकतेच आहे.

पठाण दोघींकडे आळीपाळीने बघत राहिला. चोर एक असेल तर पकडायचा, दोन-दोन कबूल झाले तर काय करायचं? "यल्ला, खिडकी खोलो, दरवाजा बंद करो, खलास," म्हणून तो उतरून गेला.

ती माझ्या दारातून नाक वर करून वास घेत होती. मी तिच्या दारातून घेत होते. तिच्याकडचा वास माझ्यापेक्षा वरचढ होता हे मी आजही सांगेन. सोयाबीन आंबवून केलेल्या वाटणाचं कालवण होतं ते. ती आत गेली आणि तळहातावर सुकी मासळी घेऊन आली. चंदेरी, बोटभर. आमच्या सुक्या मांदेलीची सख्खी बहीण. मी आत जाऊन चार बोंबील आणले. तिने ते हुंगले, डोळे मिटले आणि हसली. आमची ओळख ही अशी, नाकाने झाली.

लगेच तिने माझं वय विचारलं. भाषा नव्हतीच, बोटांनी विचारलं. मला राग आला. नाव नाही, गाव नाही, आधी वय? पण तिच्याकडे थोरली कोण आणि धाकटी कोण हे ठरल्याशिवाय हाकच मारता येत नाही, हे मला पुढे कळलं. शिवाय त्यांच्याकडे मूल जन्मलं की एक वर्षाचं धरतात, म्हणजे माझ्या वयात तिने फुकटात एक वर्ष वाढवलं. मी थोरली निघाले. तेव्हापासून मी तिची ओन्नी, म्हणजे ताई.

तिचं नाव मात्र मला दोन वर्षं कळलं नाही. तिच्याकडे कुणी आलं तर ते तिला 'सोंगजिन ओम्मा' म्हणायचे. सोंगजिन तिचा मुलगा, फहदच्या वयाचा. म्हणजे 'सोंगजिनची आई'. चर्चमध्ये तिला 'जिप्सा' म्हणायचे, म्हणजे सेविका. ती एक पदवी होती आणि तिला तिचा भारी अभिमान होता. नवरा मिस्टर को. एका कोरियन कंपनीत पाइपलाइनच्या कामावर फोरमन होता. तोही तिला नावाने हाक मारताना मी ऐकला नाही. पण त्यात मी काय बोलणार, आमच्याकडे तरी कोण मारतो!

आता तिच्या चर्चबद्दल सांगायलाच हवं, कारण तिचं सगळं आयुष्य त्यात होतं. इथे शुक्रवारी सुट्टी, म्हणून त्यांची प्रार्थनाही शुक्रवारी. सकाळी चर्चची छोटी बस बिल्डिंगखाली यायची आणि हे तिघं इस्त्रीचे कपडे घालून तिच्यात चढायचे. प्रार्थना झाली की तिथेच सगळ्यांचं जेवण. ते जेवण रांधणाऱ्या बायकांत ही पुढे. दुपारी मुलांची कोरियन शाळा तिथेच. दात दुखला तर चर्चमधली एक बाई सोबत यायची, ती इंग्रजी बोलायची. बाजारहाट चर्चच्या बसमधून. व्हिसाचं कंपनी बघायची. त्यामुळे झालं असं की बाई अबूधाबीत सहा वर्षं राहून कुणाशी सहा शब्द बोललेली नव्हती. समुद्र कुठे आहे हे तिला माहीत होतं, पण तिथवर टॅक्सीने कसं जायचं हे माहीत नव्हतं.

मला हसू यायचं. मग एक दिवस माझं मलाच वाटलं, बाई, तू काय वेगळी आहेस?

आमची जमात होती ना! करंजवाडी जमात, अबूधाबी. दापोलीच्या खाली खाडीकाठी आमचं गाव, आणि त्या गावचे जे जे इथे पोटापाण्याला आले त्यांची ही संस्था. महिन्याला वर्गणी, महिन्याला मीटिंग. कुणी आजारी पडला, कुणाची नोकरी गेली, कुणाची मय्यत झाली, तर जमात बघते. खैरुद्दीन खजिनदार. मी इथे आले तेव्हा विमानतळावर जमातीची माणसं, पहिलं जेवण जमातीच्या घरी, बाळंतपणात डबे जमातीचे. उपकार मी विसरणार नाही. पण जमातीत कळलं म्हणजे गावात कळलं, हेही खरं. मी नवा फ्रीज घेतला तर तो माझ्या घरात पोचायच्या आधी करंजवाडीत माझ्या सासूला माहीत. मला या गोष्टीची चीड होती आणि ती मी बोलून दाखवायची. अन्वरी माझी चुलत जाऊ, ती म्हणायची, "कुलसुम, तुझ्या तोंडाला एकदा जमात कुलूप लावणार." जमातीतल्या बायकांच्या कारभारी हव्वाबी. साठीच्या, लेकाकडे राहणाऱ्या. लग्नात कुठलं गोड करायचं इथपासून रडताना किती रडायचं इथपर्यंत त्यांचा शब्द शेवटचा.

तर मी आणि ती, दोघीही आपापल्या माणसांच्या खुराड्यात सुखात होतो. बाहेर काढलं आम्हाला ताटाने.

आमच्याकडे शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नाही. तिने मुळ्याचं तिखट लोणचं दिलं, मी त्या ताटात घावन घालून दिले. तर तिच्याकडेही तोच नियम निघाला! ताटात काहीतरी आलं. आता मी रिकामं कसं देऊ? तिला रिकामं कसं चालेल? ते स्टीलचं ताट वर्षानुवर्षं जिन्याच्या पलीकडे जात आणि येत राहिलं. ते मूळ कुणाचं हेही आम्ही विसरलो. पहिल्यांदा तिने मटणासारखं काही पाठवलं तेव्हा मी नाकाला बोट लावून डुकरासारखा आवाज काढला. ती हसून हसून जिन्यातच बसली. "नो, नो," म्हणाली. पण त्यानंतर तिने माझ्याकडे मांस कधी पाठवलं नाही. मासळी आणि भाजी, एवढंच.

मग मी तिला मीनाच्या, म्हणजे बंदरावरच्या, मासळीबाजारात न्यायला लागले. तिथे विकणारे मलबारी, घेणारे सगळ्या जगाचे, आणि बोली एकच: मोडकी हिंदी. लोकांना वाटतं परदेशात राहून माणूस अरबी शिकतो नाहीतर इंग्रजी. ही कोरियाची बाई अबूधाबीत येऊन हिंदी शिकली! तेही माझ्याकडून, म्हणजे कशी ते समजा. "कितना? जास्ती! ये कल का मछली, तुम खाओ." मलबारी तिला घाबरायला लागला. माझी मुलं मात्र कपाळाला हात लावायची. एमान म्हणायची, "Mummy, you are ruining her Hindi." मी म्हणायची, "आधी होतं काय ते रुइन व्हायला?"

बाजारातून परत येताना टॅक्सीत एकदा तिने मला विचारलं, दर महिन्याला तुम्ही सगळे कुठे जाता? मी म्हटलं, जमात. तुमचा चर्च, तसा हमारा जमात. प्रार्थना नाही, बातचीत. खाना, पैसा, झगडा. तिने तो शब्द दोनदा म्हणून बघितला. "जमात. अच्छा," म्हणाली. त्याच दिवशी मी तिला नाव विचारलं. ती खिडकीबाहेर बघायला लागली. मग म्हणाली, मल्सुन. मी म्हटलं, छान आहे. तर ती म्हणाली, "नहीं छान. मल मतलब लास्ट. पाँच लडकी. फादर बोला, लास्ट लडकी, खलास."

आमच्या शाळेत साताऱ्याकडच्या एक बाई होत्या, त्या सांगायच्या, त्यांच्याकडे मुलीवर मुली झाल्या की शेवटचीचं नाव नकोशी ठेवतात. माझ्या तोंडाला कुलूप नसल्यामुळे मी म्हटलं, "आमच्यात हव्वाबी, फातमाबी, तशी तू मल्सुनबी. बी लावलं की बाई मोठी होते." तिला ते कितपत कळलं कोण जाणे. पण मल्सुनबी म्हटलं की ती वळून बघायला लागली. पुढे अन्वरीही म्हणायला लागली, मग फहद-एमानची ती मल्सुनबी आंटी झाली.

अठ्ठ्याण्णवला त्यांच्या देशात पैशाचं संकट आलं आणि मिस्टर कोच्या कंपनीने इथलं काम गुंडाळलं. एकेका आठवड्यात चार-चार कुटुंबं जायची. चर्चची बस अर्धी रिकामी, मग त्याहून रिकामी. मिस्टर को गेला नाही. परत जाऊन पन्नाशीत कोण कामाला ठेवणार? त्याने एक अरब स्पॉन्सर गाठला, इथे त्याशिवाय धंदा टाकता येत नाही, आणि मुसफ्फात क्रेनचे पंप दुरुस्त करायचं छोटं गॅरेज टाकलं. खैरुद्दीनच्या स्टोअरपासून दोन गल्ल्या पलीकडे. दोघं संध्याकाळी टपरीवर चहा प्यायचे. दोघांनाही बोलायची हौस नव्हती, त्यामुळे दोस्ती छान टिकली. आमच्या गावची कितीतरी पोरं मुसफ्फात कामाला, तीही तिथे जायची. कुणाचा ग्राइंडर, कुणाचा जॅक, हा माणूस दुरुस्त करून द्यायचा.

पण चर्च सुटलं. मला वाटलं, बस बंद झाली म्हणून. तसं नव्हतं. मल्सुनबीने मला ते पुष्कळ दिवसांनी सांगितलं, कांदे निवडता निवडता. त्यांच्यात पुरुषाला नावाने हाक मारत नाहीत, कंपनीतल्या हुद्द्याने मारतात. चर्चमध्येसुद्धा. मॅनेजर किम, फोरमन को. जेवायला बायका बसतात त्याही नकळत तशाच बसतात, मॅनेजरच्या बायका मॅनेजरच्या बायकांजवळ. आता कंपनीच नाही, तर मिस्टर कोला काय म्हणायचं? पहिल्या शुक्रवारी कुणी जुनंच म्हणालं आणि जीभ चावली. दुसऱ्या शुक्रवारी काहीच म्हणालं नाही, नुसती मान हलवली. कुणी वाईट वागलं नाही. पण हाकच राहिली नाही. तिसऱ्या शुक्रवारी त्याने गॅरेजात काम काढलं. महिन्या-दोन महिन्यांनी हीही जायची थांबली. चर्चच्या बायकांचे फोन यायचे, ही घ्यायची नाही.

"मैं जिप्सा नहीं अभी," म्हणाली. आणि कांदे तिखट आहेत म्हणाली.

दोन हजार एकचा मार्च. सोंगजिन तेव्हा कोरियात होता, तिकडे प्रत्येक मुलाला लष्करात काढावी लागतात ती वर्षं काढत. गुरुवारी दुपारी खैरुद्दीनचा मुसफ्फाहून फोन आला. मिस्टर को गॅरेजात काम करता करता खाली बसला आणि उठलाच नाही. हॉस्पिटलात नेलं, पण नेण्यात अर्थ नव्हता. मी समोरच्या दारात गेले तेव्हा तिला कळलेलं होतं. ती रडत नव्हती. मी तिला धरलं आणि माझंच रडू मला आवरेना. भला माणूस होता. आठ-नऊ वर्षांत माझ्याशी वीस वाक्यं बोलला असेल, पण माझं वॉशिंग मशीन त्याने न सांगता दुरुस्त केलं होतं.

मय्यत विमानाने कोरियाला न्यायची होती. कागदांना चार-पाच दिवस लागणार होते. ते खैरुद्दीनने आणि स्पॉन्सरच्या माणसाने अंगावर घेतलं. बाकी काय करायचं ते मला ठाऊक होतं. आमच्यात मय्यतीच्या घरात तीन दिवस चूल पेटत नाही. शेजारी खायला आणतात, घरच्यांनी फक्त बसायचं. मी घरी जाऊन खिचडी टाकली, अन्वरीला फोन केला, तिने डाळ-भात पाठवला. शुक्रवारी सकाळी डबे घेऊन मी तिच्याकडे गेले, आणि बघते तर काय, बाई ओट्याशी उभी. तिन्ही शेगड्यांवर पातेली. सगळ्यात मोठ्या पातेल्यात मांस शिजतंय, लालभडक. टेबलावर मिस्टर कोचा फोटो, त्याला काळी फीत, पुढे पांढरी फुलं.

मी गॅस बंद केला. म्हटलं, "मल्सुनबी, आज खाना पकाना नहीं. बैठो."

तिने गॅस पेटवला.

मी पुन्हा बंद केला. मला वाटलं दुःखाने हिचं डोकं फिरलंय. तिने माझा हात धरून बाजूला केला, बऱ्यापैकी जोरात, आणि पुन्हा पेटवला. मग मात्र मी चिडले. म्हटलं, "अगं बाई, नवरा गेलाय तुझा! कुणासाठी रांधतेस?" हे मराठीतच म्हटलं. तिला बरोबर कळलं.

"ओन्नी," ती म्हणाली, "आदमी आयेगा. बैठेगा, खायेगा, बात करेगा. बहुत आदमी खायेगा, तब मेरा आदमी अच्छा आदमी था. कोई नहीं खायेगा..." पुढचं तिला हिंदीत येत नव्हतं. तिने फोटोकडे हात केला आणि हात खाली सोडला.

तेव्हा मला समजलं. आमच्यात मय्यतीच्या घरचं पाणी पीत नाहीत, आणि यांच्यात त्या घरी जेवल्याशिवाय उठत नाहीत. येईल त्याला जेवू घालायचं, माणसांची गर्दी झाली पाहिजे, आवाज झाला पाहिजे. त्यावरून ठरतं की गेलेला माणूस कोण होता. गावी असता तर पाहुण्यांनी घर भरलं असतं. इथे? मी तिला विचारलं, चर्चला कळवलं? तिने मान हलवली, नाही. ज्यांना तीन वर्षं तोंड दाखवलं नाही, त्यांना आता कुठल्या तोंडाने बोलावू?

आणि शंभर माणसांचं रांधून ठेवलेलं. सकाळपासून आले होते दोघं. गॅरेजातला वेल्डर, तो दारातच उभा राहून डोळे पुसून गेला. आणि स्पॉन्सरचा माणूस, तो कागदावर सह्या घेऊन गेला. कुणी पाणीसुद्धा घेतलं नाही. त्यांच्या परीने तो अदबच होता. तिच्या परीने तिच्या नवऱ्याच्या तोंडावर थप्पड होती.

मी पातेल्याकडे बघितलं. म्हटलं, "गोश्त कहाँ से?"

"हारुन," ती म्हणाली. "हलाल. मैं बोला, हारुन भाई, मय्यत का खाना, मुसलमान भी आयेगा." हारुन आमच्याच गावचा, कसाई. म्हणजे हिने सकाळी उठून, नवरा हॉस्पिटलच्या शवागारात असताना, एकटीने टॅक्सी करून, हलाल गोश्त आणलं होतं. आमच्या येण्याची तिने आशा धरली होती. आणि आम्ही डबे घेऊन आलो होतो, वाढून ठेवायला आणि उपाशी उठायला.

मी घरी आले आणि खैरुद्दीनला सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आज जमातीची मीटिंग आहे. असरच्या, तिसऱ्या प्रहराच्या नमाजानंतर, मुसफ्फाला. सगळे जमणारच आहेत." आणि माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "तेच तर." ते म्हणाले, "पण हव्वाबी?"

हव्वाबींकडे मीच गेले. चर्चला फोन करायचं काम तेवढं खैरुद्दीनवर टाकलं. मल्सुनबीच्या दारामागे जुनं कॅलेंडर होतं, त्यावर नंबर होता. तिला विचारलं नाही. काही गोष्टी विचारून करायच्या नसतात.

हव्वाबी पलंगावर बसून तसबीह ओढत होत्या. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "कुलसुम, तुला अक्कल कधी येणार गो? मय्यतीच्या घरात चूल पेटत नाही. ती पेटली हाच गुन्हा, आणि तू म्हणतेस सगळी जमात घेऊन तिथे जेवायला बसा? गावात कळलं तर काय म्हणतील, करंजवाडीवाले मय्यतीचं खातात?"

मी म्हटलं, "हव्वाबी, तिच्याकडे नाही खाल्लं तर ती मय्यत एकटी पडते."

"गोश्त कुठलं?"

"आपल्या हारुनचं. तिने स्वतः जाऊन आणलंय."

त्या मणी ओढत राहिल्या. मला वाटलं, संपलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. मी म्हटलं, "ठीक आहे, मी आणि माझी मुलं जेवतो. तुम्ही आम्हाला जमातीतून काढा."

"गप गो," हव्वाबी म्हणाल्या. "तोंड बघ केवढं!" मग सावकाश म्हणाल्या, "आमचे हे जहाजावर होते, माहीत आहे ना तुला. बसऱ्यात गेले. तिथेच दफन केलं. तार आली. खांदा कुणी दिला, कफन कुणी आणलं, कुणी त्यांच्या नावाने दोन घास खाल्ले की नाही, मला आजतागायत माहीत नाही. मी विचारू तरी कुणाला?" त्यांनी तसबीह उशीखाली ठेवली. "चपला कुठे आहेत माझ्या? आणि अन्वरीला सांग, डबे आणू नकोस. तिथे डबे घेऊन जायचं नाही."

असर झाली आणि मुसफ्फाहून कंपनीच्या दोन बसगाड्या आमच्या गल्लीत वळल्या. मीटिंगची म्हणून जमलेली माणसं खैरुद्दीनने तशीच इकडे वळवली होती. बिल्डिंगचा पठाण खाली उभा, त्याला वाटलं दंगा झाला. लिफ्टमधून चौघं-पाचजण वर यायचे, बाकीचे जिन्याने. पुरुष बाहेरच्या खोलीत जमिनीवर ओळीने बसले, बायका आतल्या. जागा पुरेना म्हणून माझ्या घराचंही दार उघडलं, पंगत जिन्यापलीकडे गेली. मिस्टर कोच्या फोटोपुढे येऊन प्रत्येकजण जरा थांबायचा आणि खैरुद्दीनला सांगायचा, माझा जॅक यानेच केला होता, माझी मशीन यानेच. खैरुद्दीन मान हलवायचे. मल्सुनबी काळ्या कपड्यांत फोटोजवळ उभी होती आणि प्रत्येकापुढे कमरेतून वाकत होती.

मग वाढणं सुरू झालं, आणि कुणी हात लावेना.

मला माहीतच होतं. सगळे ताटाकडे बघत बसले. लहानपणापासून अंगात मुरलेली गोष्ट एका दुपारीत जात नाही. लाल रस्सा, भात, भाज्या, सगळं पुढ्यात, आणि शांतता. मल्सुनबी पातेल्याशी डाव घेऊन उभी होती. तिचा चेहरा मला बघवेना. मी पहिला घास घेणार, तेवढ्यात आतल्या खोलीतून हव्वाबींचा आवाज आला, खणखणीत, सगळ्यांना ऐकू जाईल असा: "बिस्मिल्ला." आणि त्या जेवायला लागल्या. त्यांचं बघून बायका, बायकांचे आवाज ऐकून पुरुष. कुणाला तिखट लागलं, कुणी पाणी मागितलं, कुणी म्हणालं भात मोकळा नाही. आवाज वाढत गेला. अन्वरी वाढायला उठली. पोरं भांडायला लागली. हव्वाबींनी ताट पुढे केलं आणि हिंदीत म्हणाल्या, "बेटी, और थोडा दे."

मल्सुनबीने वाढलं. आणि मग ती हव्वाबींच्या शेजारी जमिनीवर बसून रडली. मोठ्याने, तोंड उघडून, आमच्या बायका रडतात तशी. हव्वाबी एका हाताने तिची पाठ थोपटत होत्या आणि दुसऱ्या हाताने जेवत होत्या. त्या थांबल्या असत्या तर सगळे थांबले असते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मगरिबच्या, सूर्यास्ताच्या नमाजाआधी चर्चचे लोक आले. पास्टर, त्याची बायको आणि अजून सात-आठ माणसं, काळे कपडे, हातात फुलं. ते दारात येऊन थबकले. आत टोप्या घातलेले, दाढीवाले कोकणी मुसलमान मांडीला मांडी लावून त्यांचं मय्यतीचं जेवण जेवतायत! आमच्या पुरुषांनी सरकून जागा केली. चर्चच्या लोकांनी हळू आवाजात दोन गाणी म्हटली, तोवर आमचे लोक हात ताटातच थांबवून बसले. मग तेही जेवायला बसले. पास्टरने मल्सुनबीला हाक मारली ती मी ऐकली: जिप्सा. अगदी सहज, काल भेटल्यासारखी. तिने मान खाली घातली.

पास्टरच्या बायकोने मग तिला काहीतरी विचारलं, सगळ्या खोलीवरून हात फिरवून. ही कोण माणसं, असंच असणार. मल्सुनबी उत्तर द्यायला लागली. ते सगळं कोरियनमध्ये होतं, मला त्यातलं काही कळलं नाही. एकच शब्द कळला, मध्येच आलेला. जमात.

हव्वाबींनी मला कोपराने ढोसलं. "काय म्हणाली गो ती?"

मी म्हटलं, "जमात म्हणाली. आपल्याला."

हव्वाबींनी ओढणीने तोंड पुसलं. "मग सांग तिला, महिन्याला दहा दिरहम वर्गणी. फुकटात कुणी जमातीत येत नाही."

मी ते तिला तिथल्या तिथे सांगितलं. माझं तोंड हे असं. रडून सुजलेल्या चेहऱ्याने ती हसली.

मय्यत घेऊन ती कोरियाला गेली. मुलगा तिकडे विमानतळावर येणार होता. आम्हाला वाटलं, ती आता कशाला परत येतेय! जाताना तिने ते स्टीलचं ताट माझ्याकडे दिलं होतं, त्यात सुकी मासळी भरून, म्हणजे परत करायची पाळी माझी होती. मी ते धुऊन फळीवर ठेवलं आणि रोज त्याच्याकडे बघायची.

ती आली. गॅरेजचा हिशेब मिटवायला आली आणि राहिली. स्पॉन्सरने व्हिसा दिला, नव्या कामांवर येणाऱ्या कोरियन इंजिनीअर पोरांना ती डबे द्यायला लागली. शुक्रवारी सकाळी चर्चला जायची, आपल्या पायांनी, टॅक्सीवाल्याशी हिंदीत भांडत. मुलाला नोकरी लागेपर्यंत, दोन हजार पाचपर्यंत, ती आमच्या समोर होती.

ती आल्यावर पहिली मीटिंग झाली ती मुसफ्फाच्या हॉलमध्ये. दर वेळी खजिनदार सुरुवातीला हजेरीची नावं वाचतात. पुरुषांची झाली. मग पडद्याकडे तोंड करून खैरुद्दीनने बायकांची वाचायला घेतली. अन्वरी. हव्वाबी. कुलसुम. मग ते जरा थांबले, चष्मा सारखा केला आणि वाचलं, "मल्सुनबी."

पडद्याआड सगळ्या बायका तिच्याकडे बघायला लागल्या. पाचव्या मुलीवर आता खलास म्हणून जिचं नाव ठेवलं होतं, ती माझ्याशेजारी मांडी घालून बसली होती. तिने मला विचारलं, क्या बोलना? मी सांगितलं.

"हाजिर," ती म्हणाली, पुरुषांच्या बाजूला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.